व्हिक्टोरियाकालीन रुग्णनोंदी आणि शवविच्छेदनाच्या वह्या कशा वाचाव्यात

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातील, रुग्णालयाची नोंदवही हाती आली की बहुतेक अभ्यासक थेट रोगाच्या रकान्याकडे जातात, तिथला जुना शब्द आजच्या रोगनावात बदलून घेतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. मी सुचवतो ती पद्धत याच्या उलट आहे. ती वही कोणी, कोणाच्या आज्ञेवरून आणि कोणाला दाखवण्यासाठी भरली हे आधी ठरवावे, मग बाकीचे रकाने वाचावेत, आणि रोगाचा रकाना सर्वांत शेवटी वाचावा. नागपुरातील वैद्यकीय विद्यार्थी, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक आणि आपल्या घराण्याचा माग काढणारे लोक या तिघांनाही डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. उदाहरणे काही लंडनची आहेत आणि काही इथली, कारण दोन्हीकडचे कागद शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय आपल्याकडच्या कागदांत काय लिहिलेच गेले नाही हे ध्यानात येत नाही.

आधी मुलूख आणि नावे पक्की करावीत

शोधाला निघण्यापूर्वी आपले गाव त्या वर्षी कोणाच्या अमलाखाली होते ते कागदावर लिहून काढावे. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. मध्य प्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाली व नागपूर त्याची राजधानी ठरली. म्हणून नागपूर शहरातील सर्वसामान्य रुग्णांच्या सरकारी नोंदींचा शोध १८६० च्या दशकापासून सुरू करणे शहाणपणाचे आहे. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला, तेव्हा त्याआधीचे वर्ध्याकडचे गाव नागपूरच्या कागदांत शोधावे लागते. वऱ्हाडाची गोष्ट आणखी वेगळी आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा मुलूख निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराकडे सोपवला होता आणि मध्य प्रांताशी तो १९०३ मध्ये जोडला गेला. व्हिक्टोरियाकाळातला अमरावतीचा रुग्ण मध्य प्रांताच्या वार्षिक अहवालात सापडत नाही याचे कारण एवढेच असते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकांचे आठवडेच्या आठवडे वाया जातात.

कामठीची छावणी १८२१ पासूनची आहे आणि तिथे मद्रासच्या फौजेची ठाणी होती. त्यामुळे कामठीत मरण पावलेल्या गोऱ्या सैनिकाच्या दफनाची नोंद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात, मद्रास इलाख्याच्या दफननोंदींत पाहावी लागते. कामठीहून नागपूर हाकेच्या अंतरावर असले तरी कागदांच्या जगात ही दोन गावे निराळ्या कपाटांत आहेत.

संस्थांची नावेही अशीच तपासून घ्यावीत. इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला नागपूरकर आजही 'मेयो'च म्हणतात. परंतु लॉर्ड मेयो १८६९ ते १८७२ या काळात व्हाइसरॉय होते, तेव्हा त्यापूर्वीच्या कागदांत हे नाव मिळणे शक्य नाही, आणि तिथे शहराच्या व दवाखान्याच्या नावाने शोध घ्यावा लागतो. प्रादेशिक मनोरुग्णालयाचा आरंभ १८६४ चा आहे, आणि त्या काळच्या अहवालांत त्याचा उल्लेख वेड्यांचे इस्पितळ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने येतो. आजच्या डागा रुग्णालयाचे जुने नाव डफरीन, आणि स्त्रियांच्या उपचारांसाठी उभारलेला डफरीन फंड १८८५ चा, म्हणून त्याआधीच्या काळात स्त्रीरुग्णांचा आकडा लहान दिसला तर स्त्रिया कमी आजारी पडत होत्या असा अर्थ काढू नये. पुरुष डॉक्टरच्या दवाखान्यात पाऊल न टाकणाऱ्या बायकांची नोंद होणारच कुठे? मिशनच्या दवाखान्यांचा पत्रव्यवहार स्कॉटलंडमध्ये गेला. नागपुरातील स्कॉटिश मिशनच्या वैद्यकीय कामाचे कागद पाहायचे असतील तर एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररीत जतन झालेल्या मिशनच्या दप्तराची यादी पाहावी.

इंग्रजी स्पेलिंगकडेही लक्ष द्यावे. नागपूर आणि जबलपूर या नावांच्या शेवटी आज आपण 'यू, आर' लिहितो तिथे 'ओ, आर, ई' असे स्पेलिंग त्या काळी चालत असे, कामठीच्या मध्ये 'पी' येई, आणि चंद्रपूर 'चांदा' म्हणूनच नोंदले जाई. डिजिटल सूचीत एका स्पेलिंगने काही हाती लागले नाही तर सर्व पर्याय वापरून झाल्याशिवाय 'नोंद नाही' असे लिहू नये.

लंडनच्या वहीवर हात बसवावा

नागपूरच्या कागदांना हात लावण्यापूर्वी महिनाभर लंडनच्या वह्या वाचाव्यात असे मी आवर्जून सांगतो. तिथल्या सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या १८४१ ते १९४६ या काळातील शवविच्छेदनाच्या वह्या डिजिटल स्वरूपात उपलब्ध झाल्या आहेत. हे रुग्णालय तेव्हा हाइड पार्कच्या कोपऱ्यावर होते. शरीररचनाशास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध करणारे हेन्री ग्रे याच रुग्णालयात शिकवत आणि शवविच्छेदने करत, आणि १८६१ मध्ये देवीच्या रोगाने ते ऐन तारुण्यात वारले. मुलांसाठी १८५२ मध्ये उघडलेल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाच्या १९१४ पर्यंतच्या दाखल-नोंदीही शोधता येतील अशा रूपात उपलब्ध आहेत.

या वह्यांची मांडणी एकदा डोळ्यांत बसली की पुढचे काम सोपे होते. आरंभी नाव, वय, धंदा, दाखल झाल्याची तारीख, कोणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवले, मृत्यूची तारीख, आणि मृत्यूनंतर किती तासांनी शरीर उघडले हे येते. त्यानंतर दोन भाग असतात. एका भागात रुग्ण जिवंत असतानाची हकीकत असते आणि दुसऱ्यात शरीरात काय दिसले ते. हे दोन भाग वेगवेगळे वाचावेत आणि दोन वेगळ्या कागदांवर टिपावेत. पहिल्या भागात रुग्णाचे म्हणणे थोडेफार शिल्लक असते: कधीपासून खोकला, किती जिने चढल्यावर धाप, कोणत्या कामावर असताना पडला. दुसऱ्या भागात माणूस बोलत नाही, केवळ अवयव आणि त्यांची वजने असतात. पहिल्या भागातले निदान आणि दुसऱ्या भागातला निष्कर्ष जिथे जुळत नाहीत ती पाने मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण डॉक्टरांनी स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली तिथे दिसते.

लंडनच्या या वहीत कोण नाही, हेही पाहावे. अशी रुग्णालये देणग्यांवर चालत, वर्गणीदाराचे शिफारसपत्र असल्यास प्रवेश सुकर होई, आणि बरा न होणारा किंवा संसर्ग पसरवणारा रुग्ण शक्यतो घेतला जात नसे. श्रीमंत माणूस घरीच उपचार घेई. म्हणून ही वही कष्टकऱ्यांच्या शरीरांची आहे, आणि त्यातही दारातून आत घेतल्या गेलेल्यांची.

शवविच्छेदन कोणाच्या प्रश्नासाठी झाले

लंडन आणि नागपूर यांतला मोठा फरक इथे आहे, आणि तो नीट समजल्याशिवाय पुढे जाऊ नये. लंडनच्या रुग्णालयात शरीर उघडले जाई ते मुख्यतः वैद्यकीय कुतूहलापोटी व शिक्षणासाठी. १८३२ च्या कायद्याने बेवारस मृतदेह शरीररचना शिकण्यासाठी देण्याची वाट मोकळी झाली होती. ज्यांच्यामागे प्रेत मागायला कोणी नाही अशा गरिबांच्या वाट्याला ते येई, आणि त्याची भीती त्या लोकांच्या मनात खोल रुजलेली होती. आपल्याकडे कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये शवविच्छेदन केले ते शिक्षणासाठीच होते. परंतु मध्य प्रांतातल्या जिल्ह्याच्या ठिकाणी शरीर उघडण्याचे कारण प्रामुख्याने पोलिसांचे असे. अपमृत्यू घडला, पंचांसमक्ष पंचनामा झाला, मर्ग, म्हणजे पोलिसांतली अपमृत्यूची खबर, दाखल झाला आणि संशय वाटला, तर प्रेत सिव्हिल सर्जनकडे जाई. मुंबई आणि कोलकाता या शहरांत कॉरोनर, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता, इथे नव्हता. त्यामुळे नागपूरकडच्या अशा अहवालात डॉक्टर एकाच प्रश्नाचे उत्तर देत असतो: हा मृत्यू कोणाच्या हातून झाला का? त्या प्रश्नाशी संबंध नसलेल्या अवयवांबद्दल एखादी ओळ किंवा नुसते 'निरोगी' एवढेच लिहिलेले आढळले, तर ते अवयव खरोखर निरोगी होते असे गृहीत धरू नये.

प्रेत कसे आले याचाही विचार करावा. सिव्हिल सर्जन जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि घटना चाळीस मैलांवरच्या खेड्यात. पंचनाम्याचा वेळ, मग बैलगाडीचा प्रवास, आणि वैशाखातले नागपूरचे ऊन. मृत्यूची, पंचनाम्याची आणि शवविच्छेदनाची अशा तिन्ही तारखा शेजारी मांडल्या की 'मत देता येत नाही' या शेऱ्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

या अहवालांत एका अवयवाकडे विशेष लक्ष द्यावे, तो म्हणजे प्लीहा, ज्याला आपल्याकडे पानथरी म्हणतात. हिवतापाच्या मुलखात वारंवार ताप येऊन पानथरी वाढते आणि वाढलेली पानथरी आघाताने फुटू शकते, हे वैद्यकीय सत्य आहे. परंतु त्या काळात हेच सत्य न्यायालयात कसे वापरले गेले हे १८७० च्या दशकातील आग्र्याच्या फुलर खटल्यावरून कळते. फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने कटवारू नावाच्या आपल्या मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराला, मारले, तो मेला, आणि शवविच्छेदनात पानथरी फुटलेली निघाली. वाढलेली पानथरी थोड्या धक्क्यानेही फुटते या आधारावर न्यायाधीशाने ३० रुपये दंड केला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७६ मध्ये या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली आणि त्यावरून भारतात राहणाऱ्या इंग्रजांत मोठे वादळ उठले. म्हणून 'प्लीहा फुटून मृत्यू' अशी नोंद दिसली की तिथे थांबावे. मारणारा कोण होता, मार कशाने बसला, अंगावर बाहेरून वळ होते का, प्लीहेचे वजन लिहिले आहे का, या चार गोष्टी त्याच अहवालात व सोबतच्या पोलिसी कागदांत शोधाव्यात. निरोगी प्लीहेचे वजन पाच ते सात औंस असते. वजन न लिहिता केवळ 'वाढलेली' असे लिहिले असेल, तर ते मोजमाप आहे की सोय, हा प्रश्न आपल्या टिपणात स्पष्ट शब्दांत नोंदवावा.

एक ओळ वाचून पाहू

सरावासाठी मी रचलेली एक नोंद घेऊ: 'पुरुष, वय ३५, हमाल, दाखल ३ सप्टेंबर, रोग: ताप, अशक्तपणा, क्विनीन १० ग्रेन, मृत ५ सप्टेंबर.' ही नोंद खरी नाही, पण अशा धाटणीच्या ओळी आपल्याला शेकड्यांनी भेटतील.

आधी वय पाहावे. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस असे पाचाने भाग जाणारे आकडे वहीत फार दिसत असतील तर वय विचारून नव्हे, अंदाजाने लिहिले आहे. मग तारखा. दाखल झाल्यापासून दोन दिवसांत मृत्यू याचा अर्थ रुग्ण अखेरच्या अवस्थेत आला, आणि अशा मृत्यूंचा हिशेब रुग्णालयाच्या उपचारांच्या खात्यात टाकताना जपून टाकावा. महिना सप्टेंबर, म्हणजे पावसाळ्याचा शेवट, हिवतापाचा आणि हगवणीचा काळ. औषध क्विनीन, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात हिवताप होता, जरी त्याने नुसता 'ताप' लिहिला असला तरी. रोगाच्या रकान्यापेक्षा औषधाचा रकाना पुष्कळदा अधिक बोलका असतो.

मात्रेसाठी जुनी मापे पाठ असावीत. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, २० ग्रेनचा एक स्क्रूपल, ६० ग्रेनचा एक ड्रॅम, आणि औषधविक्याचा औंस ४८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमचा. अवयवांची वजने मात्र सहसा व्यापारी औंसात असतात आणि तो २८.३५ ग्रॅमचा असतो. दोन्हींची गल्लत झाली तर ५० औंसांच्या यकृतात १३० ग्रॅमहून अधिक फरक पडतो. मात्रा रोमन अंकांत लिहिलेल्या असतात आणि शेवटचा एकचा अंक खाली लांब ओढलेला असतो; ते वेगळे अक्षर समजू नये. तापमान फॅरनहाइटमध्ये, आणि तेही बहुधा १८७० नंतरच, कारण जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांचा शरीराच्या तापमानावरील ग्रंथ १८६८ चा आहे आणि खिशात मावणारा छोटा तापमापक त्याच सुमारास आला. त्यापूर्वीचा 'ताप' हा हाताला लागलेला आणि नाडीवर मोजलेला ताप होय.

आता रोगाचा रकाना. इथे एकच नियम कसोशीने पाळावा: मूळ शब्द आहे तसा उतरवून घ्यावा, आपला अर्थ वेगळ्या रकान्यात लिहावा, आणि मूळ शब्दावर कधीही खाडाखोड करू नये. इंग्लंडच्या मृत्युनोंदीत टायफस आणि टायफॉइड १८६९ पर्यंत वेगळे काढलेले नव्हते. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवला, तेव्हा त्यापूर्वी 'थायसिस' (क्षयाचे तेव्हाचे इंग्रजी नाव) लिहिलेला रुग्ण झिजत होता आणि खोकत होता एवढेच खात्रीने म्हणता येते. हिवतापाचा परजीवी लाव्हरान यांना १८८० मध्ये दिसला, तर डासाचा संबंध रॉस यांनी १८९७ मध्ये सिद्ध केला. 'ड्रॉप्सी' हा तर रोगच नव्हे. अंगाला सूज किंवा पोटात पाणी, ज्याला आपण जलोदर म्हणतो, हे हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा उपासमार यांपैकी कशानेही होते. मराठीतही असेच आहे: पटकी (कॉलरा), देवी, नारू, धनुर्वात ही नावे बऱ्यापैकी नेमकी आहेत, पण संग्रहणी, बाळंतरोग आणि 'अंगात ताप' यांच्या पोटात अनेक रोग मावतात.

दुष्काळाच्या वर्षांत 'अशक्तपणा' या शब्दाकडे विशेष गंभीरपणे पाहावे. मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडले. भुकेने मेलेला माणूस नोंदीत भुकेने मेला असे क्वचितच लिहिले जाते. तो हगवणीने, तापाने किंवा अशक्तपणाने मेलेला असतो. त्या वर्षांतील नोंदी वाचताना मागच्या पाच वर्षांतील त्याच महिन्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कारणाचा रकाना कोठून आला

नागपूरच्या अभ्यासकाला घरबसल्या मिळणारे उत्तम साहित्य म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांचे छापील वार्षिक अहवाल. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचा जो संग्रह डिजिटल केला आहे त्यात मध्य प्रांताचे, म्हणजे नागपूर आणि जबलपूर येथील इस्पितळांचे अहवाल मोफत वाचता येतात. त्यांतील एक तक्ता वेडाच्या कारणांचा असतो, आणि त्यात गांजाचा आकडा ठळकपणे दिसतो. तो तसाच उचलून 'त्या काळी गांजाने इतके लोक वेडे होत' असे लिहिण्याचा मोह होतो.

तो का आवरावा याचे उत्तर त्याच काळातील सरकारी चौकशीत आहे. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने देशभरातील इस्पितळांत १८९२ मध्ये दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांची कागदपत्रे तपासली. नोंदींनुसार त्यांपैकी २२२ जणांचे वेड या अमली पदार्थांमुळे आलेले होते. एकेका प्रकरणाची पुन्हा चौकशी केल्यावर ती संख्या ९८ वर आली, आणि त्यांतही ३७ प्रकरणांत इतर कारणेही मिसळलेली होती. हे कसे झाले? रुग्णाला पाठवताना पोलिसांकडून एक माहितीपत्रक भरून येई. त्यात वेडाचे कारण लिहिणे भाग होते, रस्त्यात सापडलेल्या बोलू न शकणाऱ्या माणसाचे कारण शिपायाला कुठून कळणार, म्हणून 'गांजा' लिहून तो रकाना भरला जाई. इस्पितळात तो शब्द वहीत उतरे, वहीतून वार्षिक तक्त्यात, आणि तक्त्यातून तो शास्त्राचा पुरावा बनून बाहेर पडे. निमाडातील खंडव्याच्या बाजूला गांजाची लागवड होत असे, त्यामुळे मध्य प्रांतात हे कारण सुचणे आणखीच सोपे होते. मला हा आयोगाचा भाग प्रत्येक नव्या अभ्यासकाने पहिल्याच आठवड्यात वाचावा असे वाटते. छापील आकडा पाहिला की तो कोणत्या हस्तलिखित रकान्यातून आला, तो रकाना कोणत्या कागदावरून भरला, आणि तो कागद भरणाऱ्याने रुग्णाला किती वेळ पाहिले होते, अशा तीन पायऱ्या मागे जाऊन पाहाव्यात.

नागपुरात प्रत्यक्ष शोध

घराण्याचा माग काढणाऱ्यांनी रुग्णालयापेक्षा कोतवाल पंजीपासून सुरुवात करावी. खेड्यातला कोतवाल जन्ममृत्यूची खबर देई आणि ती पुस्तकात चढे. जातीच्या दाखल्यांमुळे या 'कोतवाल बुका'ची नक्कल काढण्याची रीत विदर्भातल्या घराघरांत ठाऊक आहे, आणि मृत्यूच्या नोंदीसाठीही तीच वाट आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचे नाव, त्या वेळचा परगणा व तहसील, आणि शक्य तितके नेमके वर्ष देऊन नकलेचा अर्ज करावा. मृताचे आडनाव नसण्याची तयारी ठेवावी. नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच असते. जुनी पाने मोडीत असतील तर आपण अंदाज बांधू नये, मोडी येणाऱ्याकडून वाचून घ्यावीत. मृत्यूचे कारण पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि इतर अशा मोजक्या वर्गांत बसवलेले असते, आणि यांतला 'ताप' सगळ्यांना पोटात घेतो. कोतवालाने वैद्यकी केलेली नाही, त्याने खबर दिली आहे, हे ध्यानात ठेवून त्या नोंदीतली तारीख पक्की मानावी आणि कारण कच्चे मानावे.

प्रांतिक पातळीवरच्या फायली आणि अहवालांसाठी सिव्हिल लाइन्समधील जुन्या सचिवालयात राज्याच्या पुराभिलेख विभागाची नागपूर शाखा आहे. तिथे जाताना प्रश्न एका वाक्यात लिहून न्यावा, आणि वर्षांची कक्षा पाच-सात वर्षांपेक्षा मोठी ठेवू नये. रुग्णांच्या मूळ वह्या टिकल्याच असतील असे नाही. वह्या जागा अडवतात, आणि छापील अहवाल निघाला की त्यांचे काम संपले असे मानले जाई. मी स्वतः एका ठिकाणी वाळवीने पोखरलेल्या गठ्ठ्याची वरची दोन पाने तेवढी वाचू शकलो. तो हातात घेताना वाटलेली हळहळ अजून जात नाही. एखाद्या सरकारी कार्यालयात जुनी वही आहे असे कळले आणि ती दाखवण्यास नकार मिळाला, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ८(३) पाहावे. अर्जाच्या दिवशी २० वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीला, काही मोजके अपवाद सोडता, नकाराची कारणे लागू होत नाहीत.

कागद हाताळताना पेन नको, पेन्सिल हवी. बोटाला थुंकी लावून पान उलटू नये. बांधणी सुटलेली वही सपाट दाबू नये. आणि छायाचित्र परवानगीनेच, प्रत्येक पानासोबत वहीचे नाव व पान क्रमांक टिपून काढावे.

टिपणाचा तक्ता करताना प्रत्येक रुग्णाला एक ओळ द्यावी आणि मूळ वहीतील नोंदक्रमांक कधीही गाळू नये, कारण दाखल-नोंदवही, रुग्णवृत्ताची वही आणि शवविच्छेदनाची वही यांना जोडणारा धागा तोच एक असतो. रुग्णालयातील मृत्यूंवरून शहराचा मृत्युदर काढू नये. 'बरा', 'सुधारला', 'आहे तसा', 'मृत' हे चार शेरे वेगवेगळे ठेवावेत.

नावांचा प्रश्न मी सर्वांत गंभीर मानतो. इंग्लंडमध्ये रुग्णांच्या व्यक्तिगत नोंदी साधारणपणे १०० वर्षे बंद ठेवतात, आणि आपणही किमान तेवढी मुदत पाळावी. त्याहून जुन्या नोंदींतही वेड्यांचे इस्पितळ, गुप्तरोगांचे लॉक हॉस्पिटल, आत्महत्या, बाळंतपणातील संशयित मृत्यू यांतील नावे प्रसिद्ध करू नयेत, कारण नागपूरच्या इतवारी किंवा महाल या जुन्या वस्त्यांत त्याच आडनावाचे घर आजही त्याच गल्लीत असू शकते. जातीचा रकाना अभ्यासासाठी उतरवावा, पण नाव आणि जात एकत्र छापू नये. नावांची यादी स्वतंत्र वहीत ठेवून तक्त्यात केवळ क्रमांक वापरावा.

पोलिसांनी आणलेल्या प्रेतांच्या नोंदींत नावच नसलेल्या ओळी पुष्कळ येतील: 'अनोळखी, पुरुष, वय अंदाजे ४०, पडशीत चिलीम व दोन आणे' अशा स्वरूपाच्या. माहिती अपुरी म्हणून या ओळी तक्त्यातून वगळल्या जातात. तसे करू नये. त्यांनाही क्रमांक द्यावा, नावाच्या रकान्यात 'नोंदलेले नाही' असे लिहावे, आणि अंगावरचे कपडे, गोंदण, जवळच्या वस्तू, सापडल्याची जागा हे जसे लिहिले आहे तसेच शब्दशः उतरवून घ्यावे.